जिनिंगमधले फोटो

हे मी कुठून ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

नुसतं पाहिलं असतं तर भास झाला म्हणून सोडून दिलं असतं. पण मी माझ्या हातांनी माझ्या सख्ख्या भावाच्या डोक्यात दगड घातलाय. त्याच्या टाळूवर टाक्यांची खूण आहे. माझ्या नवऱ्याचा उजवा डोळा गेलाय. यातलं काहीच भास नाही.

मी पुनम. आम्ही दीपनगरला राहतो. माझे मिस्टर प्रेमराज तिथे कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर आहेत. माझं माहेर अमळनेरचं. तिथे माझी आई ताईबाई आणि धाकटा भाऊ भटू असतात.

काही वर्षांपूर्वी भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं ह्यांच्या गाडीने फिरायला निघालो. पहिला मुक्काम धुळ्यात. मग लळिंगचा किल्ला, तिथून साक्रीकडे, असा बेत होता.

भटू लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी घेतो. त्याने नवा कॅमेरा घेतला होता. नवाकोरा, माझ्यासमोर खोक्यातून काढलेला. हे मुद्दाम सांगते, कारण ऐकणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो. कॅमेरा कुणाचा जुना नव्हता.

फोटोंच्या बाबतीत भटू फार काटेकोर. दिवसभर काढायचे आणि संध्याकाळी मुक्कामाला पोचलो की सगळे लॅपटॉपवर घ्यायचे. सगळे नीट उघडतात का बघायचं. हललेले, डोळे मिटलेले काढून टाकायचे. मग कार्ड रिकामं करायचं.

"दाजी, प्रवासात कार्ड खराब झालं ना, तर फिरणं न फिरणं सारखंच," तो ह्यांना सांगत होता. हे हसत होते.

धुळ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक बंद पडलेली जिनिंग आहे. कापसातली सरकी वेगळी काढायची फॅक्टरी. नेमकी कुठे, ते सांगणार नाही. कुणी बघायला जाऊ नये, एवढंच वाटतं.

समोर एक चहाची टपरी होती. आम्ही तिथे थांबलो. टपरीवाला वना म्हणून होता, म्हातारा माणूस. भटूने त्याला विचारलं, आत जाऊन फोटो काढले तर चालतील का?

"काढ ना भाऊ. काय शे तठे? मशिनी, पत्रा, बठ्ठं भंगार इकाई गयं."

आत काही उरलं नव्हतं, सगळं विकलं गेलं होतं. भटू आत गेला. मागोमाग हेही गेले.

मी दारापर्यंत गेले. आत मोठी शेड. वरचे पत्रे अर्धे उडालेले, उन्हाचे पट्टे खाली पडलेले. जमीन स्वच्छ. कापसाचं बोंडसुद्धा नाही. कबूतर नाही, चिमणी नाही.

भटूने फोटो काढले. ह्यांना मधोमध उभं करूनही काढले. आम्ही बाहेर आलो. टपरीसमोर चौघांचा एक फोटो वनाकडून काढून घेतला. मग भटूने कॅमेरा बॅगेत घातला आणि बॅग माझ्या मांडीवर ठेवली. आम्ही चहा प्यायलो.

तेवढ्यात मला आवाज आला.

धप्प...

गादी झोडपावी तसा. जिनिंगच्या आतून.

धप्प... धप्प...

"आत कोणी आहे का?" मी वनाला विचारलं.

त्याने कान दिला. "कोनीच नही," म्हणाला, आणि ग्लास धुवायला वळला.

संध्याकाळी आम्ही धुळ्यात लॉजवर उतरलो. हे आंघोळ करून आले. आई कॉटवर पाय चोळत बसली होती. भटूने कार्ड लॅपटॉपला लावून फोटो उतरवून घेतले.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "ताई, तू कॅमेऱ्याला हात लावला होता का?"

"नाही रे. का?"

"बघ इकडे."

आमच्या फोटोंच्या पुढे आणखी फोटो होते.

पहिला पूर्ण काळा.

दुसऱ्यात जिनिंगची शेड. तीच. पण जमिनीवर कापूस पसरलेला. ढीगच्या ढीग.

तिसऱ्यात त्या कापसात एक माणूस पालथा पडलेला. दोन्ही हात डोक्यावर घेतलेले. फोटो वरून काढलेला. म्हणजे काढणारा त्याच्या अगदी अंगावर उभा असणार. आणि फोटोच्या कोपऱ्यात लाकडी दांडकं धरलेली एक मूठ.

"हे मी काढलेले नाहीत," भटू म्हणाला. त्याने फोटोवरची वेळ काढून दाखवली.

आम्ही चहा पीत होतो, तेव्हाची वेळ. कॅमेरा माझ्या मांडीवर होता. चेन लावलेल्या बॅगेत.

आई उठून आली. पडद्याकडे बघून तिने तोंडाला पदर लावला. "हाऊ कोण शे रे? भटू, पुसी टाक ते. माले भ्याव लागस."

भटूने कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं. तो माणूस कॅमेऱ्याच्या पडद्यावर आला. भटूने बटण दाबून फोटो डिलीट केला.

धप्प...

पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा आवाज आला. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"भटू," हे म्हणाले, "अजून एक आहे बघ."

आता त्याच माणसाचा फोटो होता, पण जरा जवळून. मानेवर रक्त.

भटूने तोही डिलीट केला.

धप्प...

आणखी एक आला. कापूस लाल झालेला. एका हाताची बोटं उलटी वळलेली.

"अरे पुसतो ना मी!" भटू ओरडला. तो बटण दाबत सुटला. एक पुसला की पुढचा. पुसला की पुढचा. प्रत्येक दाबण्याला भिंतीमागून धप्प. भटूच्या कपाळावर घाम होता. दात आवळलेले.

आणि मग माझ्या लक्षात आलं...

भटू नुसतं बोट दाबत नव्हता. दर वेळी त्याचा उजवा खांदा मागे जाऊन जोरात पुढे येत होता. मारताना येतो तसा.

"बस कर आता. दे इकडे," म्हणत ह्यांनी कॅमेरा धरला.

भटूने त्यांच्या तोंडावर बुक्की मारली.

असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हे मागे भिंतीवर आदळले. ओठ फाटला, दात हलला, शर्टची पुढची बाजू रक्ताने भरली. भटू पुन्हा हात उचलून पुढे आला. आईने त्याच्या कमरेला मिठी मारली, "भटू! जवाई शे तो आपला!"

तो थांबला. इकडे तिकडे बघू लागला.

मग खाली बसून रडायला लागला. "दाजी, मी नाही... दाजी, देवाशपथ, मला कळलंच नाही."

हे मोठ्या मनाचे. ओठावर टॉवेल दाबून म्हणाले, "जाऊ दे. दमला आहेस. बंद कर तो कॅमेरा. सकाळी घरी जाऊ."

सकाळी उठलो तर भटू नव्हता.

कॅमेऱ्याची बॅगही नव्हती. लॅपटॉप तेवढा टेबलावर. खालच्या मॅनेजरने सांगितलं, तुमचा माणूस उजाडताच निघाला, पारोळ्याच्या दिशेची काळीपिवळी जीप पकडली.

"जिनिंगवर गेला असेल," हे म्हणाले. "आणतो त्याला. तुम्ही सामान भरा."

रात्रीचा शर्ट रक्ताने कडक झाला होता. दिवाळीला आईने जावयासाठी घेतलेला शर्ट बॅगेत अजून पाकिटातच होता. ह्यांनी तो फोडून घातला. हिरवा, बारीक पांढऱ्या रेघांचा. गाडी घेऊन गेले.

मी सामान भरत होते. लॅपटॉप मिटायला गेले आणि हात लागून पडदा उजळला.

टपरीसमोरचा चौघांचा फोटो समोर होता.

फोटोत आम्ही तिघंच होतो.

मी, आई, भटू. माझ्या शेजारी हे उभे होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, मला चांगलं आठवतं. तिथे कोणी नव्हतं. खाली मातीवर त्यांची सावली मात्र होती.

मी पुढचे फोटो उघडले. शेडमध्ये मधोमध हे उभे होते तो फोटो. रिकामी शेड.

मग पालथ्या पडलेल्या माणसाचा फोटो आला. तो लॅपटॉपवर राहूनच गेला होता. रात्री खोलीत पिवळा दिवा होता, नीट काही दिसलं नव्हतं. आता खिडकीतून उजेड होता. मी वाकून बघितलं...

त्या माणसाच्या अंगात हिरवा शर्ट होता. बारीक पांढऱ्या रेघांचा.

मी ह्यांना फोन लावला. रिंग जात राहिली. परत लावला. उचलला नाही.

लॉजच्या दारात एक रिक्षा उभी होती. फारुखभाई म्हणून रिक्षावाले होते, साधारण आमच्याच वयाचे. मी काय सांगितलं मला आठवत नाही. ते एवढंच म्हणाले, "बसा ताई. अम्मांना धरून बसा." रिक्षा त्यांनी कशी पळवली, तेच जाणोत.

जिनिंगसमोर आमची गाडी उभी होती. दार उघडं. टपरी बंद होती.

लख्ख दिवस होता. ऊन चटकत होतं. आणि आतून...

धप्प... धप्प... धप्प...

मी पळत आत गेले.

हे जमिनीवर पालथे पडले होते. दोन्ही हात डोक्यावर. वर भटू उभा होता. त्याच्या डाव्या हातात कॅमेरा होता, डोळ्याला लावलेला. उजव्या हातात दांडकं. तो मारायचा आणि फोटो काढायचा. मारायचा आणि काढायचा. दर फटक्याला फ्लॅश पडत होता. घाई नव्हती त्याला. लग्नात जेवणावळीचे फोटो काढतो, तसा शांतपणे काढत होता.

ह्यांची बोटं फुटली होती. एक हात डोक्यावरून घसरला आणि पुढचा फटका सरळ कानशिलावर बसला.

"भटू!" मी ओरडले. त्याने बघितलंसुद्धा नाही.

आई माझ्या बाजूने पळाली. गुडघेदुखीमुळे जिना चढता येत नाही तिला, पण पळाली, आणि ह्यांच्या अंगावर पडली. दोन्ही हात पसरून झाकलं त्यांना.

"भटू, मी तुनी माय शे रे! मारू नको त्याले! माले मार!"

त्याने तिला मारलं.

तिच्या मनगटाचं हाड मोडलेलं मी ऐकलं. तिने हात काढला नाही. त्याने परत दांडकं उचललं.

दाराशी फरशीचा फुटका दगड होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि भटूच्या डोक्यात घातला. मागून.

लहानपणी ज्याचं डोकं मी विंचरून द्यायची, त्या डोक्यात.

तो आवाज न करता खाली बसला आणि आडवा झाला. दांडकं हातातून सुटून लांब गेलं. कॅमेरा पोटाखाली आला. केसांतून रक्त वाहायला लागलं.

सगळं थांबलं. मी आईला उठवायला वाकले.

आणि...

धप्प.

ह्यांचं अंग उडालं.

भटू निपचित पडला होता. दांडकं भिंतीशी होतं. आम्हा चौघांशिवाय शेडमध्ये कोणी नव्हतं.

धप्प.

ह्यांच्या पाठीवर शर्ट फाटला. माझ्या डोळ्यांसमोर. आतली कातडी उघडली. मारणारा दिसत नव्हता. फटका मात्र दिसत होता.

"या अल्ला," मागून फारुखभाईंचा आवाज आला. ते दारातच उभे राहिले होते. मग धावत आत आले. "ताई, ओढा त्यांना! पाय धरा! बाहेर घ्या!"

त्यांनी ह्यांच्या काखेत हात घातले, मी पाय धरले. ओढत नेताना आणखी फटके बसले. एक फारुखभाईंच्या खांद्यावर बसला. ते गुडघ्यावर आले, पण हात सोडला नाही. आई एका हाताने माझी साडी धरून फरफटत येत होती.

उंबरा ओलांडला आणि आवाज बंद झाला.

एकदम. कुणी दार लावावं तसा.

भटूला आणायला फारुखभाई एकटे परत आत गेले. मी नको म्हणाले, तरी गेले. त्याला खांद्यावर टाकून आणला. त्याला कुणी हात लावला नाही, म्हणाले. तो माणूस आजही आमच्या घरी दिवाळीला येतो, ईदला आम्ही त्यांच्याकडे जातो. त्या दिवसाबद्दल आम्ही कुणीच बोलत नाही.

धुळ्यातल्या हॉस्पिटलमध्ये ह्यांच्यावर ऑपरेशन झालं. कवटीला तडा गेला होता. उजवा डोळा काढावा लागला. आम्ही सांगितलं की जुन्या शेडची भिंत अंगावर पडली.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"भिंत पडली तर असे वळ उठत नाहीत," ते म्हणाले. "आणि हे एकाने मारलेलं नाही. दोन वेगवेगळ्या जाडीचे वळ आहेत. दोघं होते का मारणारे?"

मी भिंतच म्हणत राहिले.

मग त्यांनी एक स्टीलची वाटी दाखवली. जखमांमधून काढलेलं होतं ते. रक्ताने चिकटलेला कापूस. मी म्हटलं, तुमच्याच ड्रेसिंगचा असेल.

"दवाखान्यातल्या कापसात सरकी नसते," डॉक्टर म्हणाले.

त्या शेडमध्ये कापसाचं बोंडसुद्धा नव्हतं. दोन्ही वेळा मी स्वतः बघितलं होतं. नंतर फारुखभाईंनी वनाला गाठून विचारलं. तिथे कुणाला मारलं होतं का, कधी काही झालं होतं का. वना शपथेवर म्हणाला, असं काही कानावर नाही. जिनिंग बंद पडली, मालक सुरतेला गेला, एवढंच. कापूस येऊन "बरीच वरसं व्हई ग्यात." फारुखभाईंना कॅमेराही आत कुठे सापडला नाही.

पोलीस आले होते. ह्यांना बोलता येऊ लागलं तेव्हा ह्यांनीही भिंतच सांगितली. नंतर आम्ही दोघंच असताना मी विचारलं, "भटूला वाचवायला खोटं बोललात ना?"

त्यांनी मला दार लावून घ्यायला सांगितलं.

"भटूने मारलं, ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण मी आत गेलो तेव्हा भटू लांब भिंतीशी माझ्याकडे पाठ करून उभा होता, रडत होता. मी त्याला हाक मारली, आणि मागून माझ्या डोक्यात पहिला फटका बसला. मी खाली पडल्यावर भटू चालत आला."

भटूला लॉजच्या खोलीनंतरचं काही आठवत नाही. त्याने फोटो काढणं सोडलं. आता जळगावला एका हार्डवेअरच्या दुकानात आहे. आईचा हात वाकडाच जुळला. ती त्याच हाताने त्याला जेवायला वाढते, आणि तो ताटातून मान वर करत नाही.

एक गोष्ट मी आजवर फक्त ह्यांना सांगितली आहे. ती इथे सांगते.

हॉस्पिटलमध्ये असताना लॅपटॉप माझ्या बॅगेत होता. एका दुपारी हे गोळीच्या झोपेत होते. मला वाटलं, ते फोटो संपवून टाकावेत, म्हणजे पीडा जाईल. मी लॅपटॉप उघडला. हिरव्या शर्टच्या माणसाचा फोटो निवडला आणि डिलीट केला.

धप्प...

ह्यांचं अंग कॉटवरून वर उडालं. सलाईनची सुई निघाली. नाकातून रक्ताची धार लागली. सिस्टर धावत आल्या. मी रिसायकल बिन उघडून तो फोटो परत जागेवर आणला, तेव्हा कुठे ह्यांचा श्वास सुरळीत झाला.

म्हणून ते फोटो मी पुसत नाही.

उलट जपते. भटूने शिकवलं होतं तसंच. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राईव्हवर, एक हार्डडिस्कवर. दर महिन्याला उघडतात का बघते. त्या माणसाकडे बघत नाही, फक्त उघडला की बंद करते. ह्यांच्या अंगावर नवा वळ नाही ना, हेही रोज आंघोळीनंतर बघते.

पण या वस्तू किती दिवस टिकणार?

गेल्या आठवड्यात दुपारी लॅपटॉप सुरू केला तर पडदा काळाच राहिला. मी बटण दाबत राहिले. पंख्याचा आवाज येत होता, पडदा उजळत नव्हता. मी उठून आतल्या खोलीत डोकावले.

हे गाढ झोपले होते. कुशीवरून पालथे झाले होते.

आणि झोपेतच त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले होते...